चौकीत कोण बसले आहे?

‘पोलिसांचा धाक राहिला नाही’ हे वाक्य आता शहरातल्या प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर ठरल्यासारखे येते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, विधिमंडळात येते, वाहिन्यांवरच्या चर्चेत तर ते गृहीतच धरलेले असते. त्याच्या पाठोपाठ उपाय येतात. पोलिसांचे हात मोकळे करा, पोरांची भर बाजारातून धिंड काढा, दोन-चार जणांना ठोका, बाकीच्यांना तडीपार करा, चौकाचौकांत कॅमेरे लावा. मग बघा शहर कसे सुतासारखे सरळ येते. असे म्हणणारी माणसे क्रूर असतात असे मला वाटत नाही. बहुतेक जण घाबरलेले असतात, रात्री क्लासहून परतणाऱ्या मुलीची वाट बघत गॅलरीत उभे राहणारे असतात. त्यांची भीती खोटी नाही. त्यांचा सिद्धांत मात्र चुकलेला आहे, आणि तो नुसता चुकलेला असता तर सोडूनही देता आला असता. पण ज्या कारणाने शहर असुरक्षित होते, त्याच कारणाला तो खतपाणी घालतो.

पुण्याचेच घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी पुण्यातल्या कोयता गँगचा प्रश्न उपस्थित केला. हातात कोयते नाचवत दुकाने फोडणारी, गाड्यांच्या काचा खळाखळा फोडत जाणारी पोरे तोवर सगळ्या राज्याने मोबाइलवर पाहिली होती. पुढे कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड बघावे, अशा सूचनाही विक्रेत्यांना गेल्या. ऊसतोड कामगाराने आणि शहाळेवाल्याने काय करायचे हे कोणी विचारले नाही. आता त्याच २०२२ सालचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, अहवाल उघडा. वीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या १९ महानगरांच्या यादीत दर लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी दखलपात्र गुन्हे कोलकात्यात, ८६.५. त्याच्या खालोखाल पुणे, २८०.७. म्हणजे विधानसभेत कोयते नाचत होते त्या वर्षी कागदावर पुणे हे देशातले दुसऱ्या क्रमांकाचे सुरक्षित महानगर होते. सत्ताधारी यादी फडकावतात, विरोधक कोयता फडकावतात, आणि यादी नेमके काय मोजते हे दोघेही सांगत नाहीत.

ती गुन्हे मोजत नाही. ती नोंदलेले गुन्हे मोजते. गुन्ह्यांत झालेली वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत झालेली वाढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका, असा इशारा एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात देते. बातमी लिहिताना तो परिच्छेद गाळला जातो. एका एफआयआरमध्ये पाच कलमे असली तर त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा आकडेवारीत धरला जातो, हेही तिथेच लिहिलेले आहे. दर काढायला शहराची लोकसंख्या घेतली जाते ती २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर हिंजवडी, वाघोली, मांजरी या भागांत केवढी वस्ती वाढली हे पुणेकराला सांगायला नको.

२०२३ च्या यादीत सर्वांत वर होते कोची, दर लाखामागे तीन हजारांहून अधिक गुन्हे. कोलकाता तेव्हाही तळाशीच होते, ८४ च्या आसपास. कोचीत जगणे कोलकात्याहून पस्तीस पट धोक्याचे आहे, असे म्हणायला कोणी धजावेल का? केरळात बेदरकारपणे गाडी चालवण्यासारख्या प्रकरणांतही सर्रास गुन्हा दाखल होतो आणि तो पुस्तकात चढतो, एवढाच बराचसा फरक आहे. दिल्लीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. तिथे २०१३ साली भारतीय दंड संहितेखाली ८० हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले आणि २०१४ साली तो आकडा दीड लाखाच्या वर गेला. एका वर्षात दिल्लीतले चोर दुप्पट झाले नव्हते. आलेली तक्रार नोंदवून घ्या, असा आग्रह वरून धरला गेला होता.

आणि ‘पूर्वी असे नव्हते’ या पालुपदाचे काय? जो गुन्हा दडवणे सर्वांत अवघड तो खुनाचा. प्रेत गहाळ दाखवता येत नाही. देशात १९९२ साली खुनाचे ४०,१०५ गुन्हे नोंदले गेले, दर लाखामागे ४.६. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, लोकसंख्या पन्नास कोटींनी वाढलेली असताना हा आकडा २८,५२२ होता, दर २.१. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या शहरांचे नाहीत, हे मान्य. पण ‘धाक गेला म्हणून रक्तपात वाढला’ या विधानाला त्यांतून तिळमात्र आधार मिळत नाही. त्याच २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांच्यासाठी कोणी धाकाची भाषा करत नाही. हेल्मेटसक्तीची नुसती बातमी आली तरी पुण्यात मोर्चा निघतो.

आता हे आकडे जिथे जन्माला येतात तिथे, म्हणजे पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर जाऊन बसू. मोबाइल हिसकावून नेला आहे. ठाणे अंमलदार विचारतो, बिल आहे का? आयएमईआय नंबर आहे का? नक्की हिसकावला की पडला? कुठे पडला? मग ती आमची हद्द नाही. शेवटी ‘गहाळ’ झाल्याचा दाखला हातात पडतो, फिर्यादी कंटाळून घरी जातो आणि एक जबरी चोरी जगातून नाहीशी होते. नवऱ्याने डोके फोडलेली बाई आली तर अदखलपात्र नोंद करून ‘समज दिली’. हे एखाद्या वाईट अंमलदाराचे काम नव्हे. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना होते आणि आकडा वाढला की वरिष्ठ निरीक्षकाला उभे केले जाते. मग तो खाली सांगतो, जरा बघून घ्या. पोलिसांच्या भाषेत याला गुन्हा दाबणे म्हणतात, आणि ते करायला लाच लागत नाही.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. तरीही २०१७ साली आयडीएफसी इन्स्टिट्यूटने दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरूत घरोघर जाऊन विचारले, तेव्हा चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत निघाले. बाकीचे नव्वद टक्क्यांहून अधिक एनसीआरबीच्या कोणत्याच तक्त्यात नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात नोंदवायची झिरो एफआयआर आणि घरबसल्या पाठवायची ई-एफआयआर आली, हे चांगले झाले. पण त्याच कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदणीआधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही आली आहे. तिला वरिष्ठांच्या परवानगीची अट आहे खरी. ज्याला टाळायचे आहे त्याच्या हाती कायद्याने चौदा दिवस दिले, असे माझे मत आहे.

धाकवाद्यांना हे सगळे कारकुनी वाटते. ‘तुमच्या घरात घडले असते तर?’ हा त्यांचा हुकमाचा पत्ता. बरे, तोच पत्ता खेळू.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात ज्यांच्या घरात घडले, त्या अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींचे आईवडील पोलीस ठाण्यात गेले. एफआयआर नोंदवून घेण्यासाठी त्यांना अकरा-बारा तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले ते या ताटकळण्याच्या संतापातून. २३ सप्टेंबरला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, पोलिसाच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले, तेव्हा फलक लावणारे गप्प होते. मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. त्या मुलींवर कोणी, कसा आणि किती दिवस अत्याचार केला हे आता साक्षीपुराव्याने न्यायालयात कधीच सिद्ध होणार नाही. आणि ज्या अकरा-बारा तासांनी हे सगळे पेटले, ते तास त्या गोळीच्या आवाजात विरून गेले. ‘तुमच्या घरात घडले असते तर’ या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. माझ्या घरात घडले तर मला सर्वांत आधी ठाण्यात माझी फिर्याद लिहून घेणारा माणूस हवा आहे.

इथे मुंबईचा दाखला हमखास येतो. नव्वदच्या दशकात चकमकी केल्या म्हणून अंडरवर्ल्ड संपले, हे मराठी मध्यमवर्गाने सिनेमाच्या पडद्यावरून पाठ केलेले सत्य आहे. तपासून बघू. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने जे प्रकरण लढवले आणि ज्यातून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली चकमकींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ते मुंबईतल्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींविषयी होते. त्यांत सुमारे १३५ माणसे मारली गेली होती. धाक बसायचा तर याच काळात बसायला हवा होता. याच काळात काय घडले? १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांना भर दिवसा गोळ्या घातल्या गेल्या. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांना. चकमकींचा पाऊस पडत असताना गुंडांना शहरातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांना रस्त्यावर मारण्याची हिंमत होत होती, याचे उत्तर धाकाच्या सिद्धांताकडे नाही.

मग टोळ्या कशाने खंगल्या? त्यांचा धंदा खंगला. १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत सोन्याची आयात खुली होत गेली, आणि ज्या तस्करीवर दोन पिढ्यांचे दादा पोसले होते तिच्यातला नफा आटला. १९९८ मध्ये चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. पुढे बँकेचा पैसा येऊ लागला तसतशी काळ्या पैशाची निकड कमी होत गेली. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला. या कायद्यावर माझे आक्षेप आहेत, पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून धरणे हा त्यातला पहिला. पण फोनवरची संभाषणे परवानगीने टिपून ती न्यायालयात ठेवण्याची सोय त्याने केली, आणि खंडणी हा धंदाच फोनवर चालत होता. २००१ च्या जानेवारीत चित्रपटांना पैसा पुरवणारा एक बडा हिरेव्यापारी याच कायद्याखाली गजाआड गेला, तो अशाच टेपांच्या आधारे. ज्यांच्या नावाने खंडण्या जात होत्या ते म्होरके तोवर परदेशी निघून गेले होते. आणि मुळात टोळ्यांना पोरे मिळाली कुठून, हेही कोणी सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. तो संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. त्यांच्या पोरांपुढे गिरणीचा भोंगा नव्हता, नाक्यावरचा दादा होता. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हे माहीत आहे. पडद्यावर मात्र रिव्हॉल्व्हरच जास्त शोभते.

त्या रिव्हॉल्व्हरचे पुढे काय झाले? ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया याला वाशीतून उचलून अंधेरीत वर्सोव्याजवळ मारले आणि चकमक दाखवली गेली. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार ती वैरातून घडवलेली हत्या होती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांना दोषी ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘चकमकफेम’ प्रदीप शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत. हात मोकळे सोडले की त्या हातांनी कोणाला मारायचे हे पुढे कोण ठरवते, याचा हा न्यायालयीन कागदपत्रांतला पुरावा आहे. आणि धाकाचा शेवटचा हिशोब हवाच असेल तर बदलापूरच्या आरोपीच्या मृत्यूनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, फलक अजून डोळ्यांसमोर होते, आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा गोळ्या घालून खून झाला.

पुण्यात गोळीऐवजी धिंड आली. कोयता घेऊन दहशत माजवलेल्या पोराला त्याच गल्लीतून पायी फिरवायचे, लंगडत चालतानाचा व्हिडिओ काढायचा, खाली कोणीतरी ‘माज उतरवला’ असे लिहायचे. लोक टाळ्या वाजवतात. मला तर ही त्या पोरांची फुकटची जाहिरात वाटते. ज्या पोराला आपली रील हजारभर लोकांनी बघावी असे वाटत होते, त्याची रील पोलिसांच्या कृपेने लाखांनी बघितली. वस्तीत परतला की तो भाई होऊनच परततो. यांतली बरीच पोरे सोळा-सतरा वर्षांची असतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अल्पवयीनाची ओळखच उघड करता येत नाही. याच कायद्याने प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमायला सांगितले आहे. तुमच्या ठाण्यातला हा अधिकारी कोण, एवढे एकदा विचारून बघा. शाळा सोडलेल्या पोराला पहिल्या मारामारीनंतर कोणी हाती धरले तर दुसरीची वेळ बहुतेकदा येत नाही. पण त्याची बातमी होत नाही, त्याला पार्श्वसंगीत लावता येत नाही.

मोठ्यांचीही वरात निघाली. जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडमध्ये गुंड शरद मोहोळचा भर दुपारी खून झाला, फेब्रुवारीत आयुक्तालयात शहरातल्या टोळीप्रमुखांना बोलावून रांगेत उभे केले गेले, कॅमेऱ्यांसमोर तंबी दिली गेली. सगळीकडे वाहवा झाली. १ सप्टेंबरला रात्री नाना पेठेत एका माजी नगरसेवकावर गोळ्या झाडल्या गेल्या, कोयत्याने वार झाले. सात महिने! परेडीचा परिणाम इतकाच टिकला असेही मी म्हणत नाही. परिणाम झाला होता की नाही हेच कळायला मार्ग नाही, कारण परेडीत मोजण्यासारखे काही नसते.

याच पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका आलिशान पोर्शे गाडीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन मिळाला. ससूनमध्ये त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. नियंत्रण कक्षाला वेळेवर न कळवल्याबद्दल येरवडा ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. कोणाची धिंड निघाली नाही. निघायला हवी होती असे माझे म्हणणे नाही, कोणाचीच निघू नये. पण धाक म्हणून जे काही असते ते लोहियानगरच्या गल्लीत चालते आणि बिल्डरच्या बंगल्याच्या फाटकाशी संपते, हे पाहिल्यावर त्याला कायदा-सुव्यवस्था म्हणू नका. त्या पोर्शे प्रकरणात जे काही बाहेर आले ते कागदामुळे आले. कोणत्या वेळी कोणती नोंद झाली, कोणती झाली नाही, नमुना कोणाच्या सहीने गेला, यावरून आले.

राहिले कॅमेरे. मुंबईत २०१६ मध्ये पाच हजारांच्या आसपास कॅमेऱ्यांची यंत्रणा उभी राहिली, पुण्यात जर्मन बेकरीच्या स्फोटानंतर मागणी झाली आणि पुढे तिथेही कॅमेरे लागले. गुन्हा घडून गेल्यावर तपासाला कॅमेऱ्याचा फार उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परदेशांत या विषयावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा वाहनतळांवरच्या चोऱ्या कॅमेऱ्यांनी लक्षणीय कमी झालेल्या दिसल्या, हिंसक गुन्ह्यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. रागाने, नशेने, वासनेने पेटलेला माणूस खांबाकडे बघत नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. कॅमेरे होते, त्यांत दिसलेही. सुरक्षारक्षक होते. पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते. त्यानंतर शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात उसाच्या फडांतून आरोपीला शोधायला शेकडो पोलीस, श्वानपथक आणि ड्रोन गेले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पहाटे पावणेसहाला त्या फलाटावर दोन पोलीस चालत असते तर ड्रोन उडवावा लागला नसता.

सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला सकाळी एका तरुणीवर कोयता उगारला गेला तेव्हा तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी, जीव धोक्यात घालून. पेरूगेट पोलीस चौकी जवळच होती. चौकीत त्या वेळी हजर नव्हते म्हणून पोलिसांचे निलंबन झाले. सगळ्या राज्याने त्या मुलांचे सत्कार केले, रास्तच केले. चौकी रिकामी का होती हा प्रश्न निलंबनाच्या आदेशाबरोबर बंद झाला.

तो बंद होऊ देऊ नये. धाकवाद्यांच्या एका म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता मान्य करतो: आपली न्यायालये लोकांचा अंत बघतात, सराईत गुन्हेगार जामिनावर येऊन फिर्यादीच्या दारासमोर मोटारसायकल फिरवतो, साक्षीदार फुटतात. पण जामीन देताना न्यायाधीशापुढे काय असते? तपासी अंमलदाराचे कागद. तेच ढिसाळ असले तर न्यायाधीश काय करणार? आणि ते ढिसाळ का असतात? तो अंमलदार सकाळी आरोपीला कोर्टात नेतो, दुपारी मंत्र्याच्या बंदोबस्ताला उभा असतो, रात्री नाकाबंदीला. गणपतीत, पालखीत, निवडणुकीत तपास अक्षरशः थांबतो. तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितले. ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नका, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हेही त्याच निकालात आहे. हे करायला ना नवा कायदा लागतो, ना कोणाचे हात मोकळे सोडावे लागतात. पण बदल्या हा सत्तेचा सर्वांत किफायतशीर विभाग असल्यामुळे त्या निकालाला प्रत्येक सरकारने अर्धवट हो म्हटले.

मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांची ड्यूटी सुरू झाली. कल्पना एका पोलीस कर्मचाऱ्याचीच होती. त्याने गणित मांडून दाखवले की आहे त्याच मनुष्यबळात तीन पाळ्या बसतात. आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती ऐकली, पुढे इतर ठाण्यांतही नेली. नंतर ती हळूहळू विरली. बारा-बारा, सोळा-सोळा तास उभा राहिलेला माणूस पहाटे चौकीत डुलकी काढणार आणि दारात आलेल्या फिर्यादीला ‘उद्या या’ म्हणणार, याला मी त्याचा दोष मानत नाही. देवनारचा तो प्रयोग का विरला, याची चर्चा विधिमंडळात व्हायला हवी होती. कोयत्याची झाली.

मला हवे आहे ते फार आकर्षक नाही. आयुक्तालयाने दर महिन्याला ठाणेनिहाय आकडे प्रसिद्ध करावेत: किती तक्रारी आल्या, किती एफआयआर झाल्या, किती अदखलपात्र ठरवल्या, किती वस्तू ‘गहाळ’ दाखवल्या. इंग्लंडमध्ये १९८२ पासून आणि अमेरिकेत त्याच्याही आधीपासून सरकार स्वतः घरोघर जाऊन विचारते की तुमच्यावर गुन्हा झाला का, आणि तुम्ही पोलिसांकडे गेलात का. असे सर्वेक्षण महाराष्ट्राने आपल्या महानगरांत नियमित करावे, आणि ते पोलिसांनी करू नये. ज्या ठाण्यात नोंदणी वाढली त्याच्या निरीक्षकाला बैठकीत उभे करण्याऐवजी, जिथे सर्वेक्षणात चोऱ्या भरपूर आणि पुस्तकात एकही नाही, त्याला उभे करावे. रात्रीची शेवटची बस आणि रस्त्यावरचे दिवे यांचा हिशोब महापालिकेकडून मागावा. आणि हो, रात्री अकरापर्यंत गाडी लावून रस्ता जागता ठेवणारा भुर्जीवाला हटवून त्या जागी कॅमेऱ्याचा खांब उभारणे हे सुरक्षेचे काम आहे, असे मानणे थांबवावे.

यावर शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे, तो राजकारण्यांचा आहे: असे केले तर पहिल्याच वर्षी आकडे दुप्पट होतील आणि विरोधक राजीनामा मागतील. होतील, दिल्लीत झालेच होते. पहिली दोन-तीन वर्षे राज्याची शहरे एनसीआरबीच्या यादीत कोचीच्या शेजारी जाऊन बसतील, वाहिन्या ‘गुन्हेगारीची राजधानी’ अशा पट्ट्या चालवतील. तेव्हा गृहमंत्र्याने सभागृहात उभे राहून सांगावे की हो, आकडा वाढला आहे, मीच वाढवायला सांगितला आहे. आणि आज विरोधी बाकांवर असलेल्यांनी, उद्या सत्तेत आल्यावर हीच पद्धत चालू ठेवू, असे आत्ताच लिहून द्यावे.